वासुदेवरावांनी उचललेलं पाणी

सानगडीच्या बाजारातून निघालेला रस्ता जिथं थकून थांबतो, तिथं आमचं गाव आहे. एस.टी.च्या पाटीवर त्याचं नाव नाही, तेव्हा मीही सांगत बसत नाही. गावाला एक मोठा तलाव, तलाव अडवणाऱ्या मातीच्या पाळीवर गावदेवी मातामायचं ठाणं, पाळीखाली उतरत गेलेल्या धानाच्या बांद्या, म्हणजे बांधांची शेतं, आणि शाळेच्या वळणावर माझा पानठेला. निवडणूक पाहायला या ठेल्याइतकी चांगली जागा जिल्हा परिषदेच्या साऱ्या मतदारसंघात, आमच्या भाषेत सर्कलमध्ये, नसेल. दोन्ही मोठ्या पक्षांची माणसं माझ्याच फळीवर टेकतात, माझाच चुना लावून जातात. एकांची गाडी पांढरी, दुसऱ्यांची काळी. पक्षांची नावं मी घेत नाही. भीतीमुळे म्हणाल तर नाही. आतली माणसं या गाडीतून त्या गाडीत इतक्यांदा बसली की नाव घ्यायला गेलो तर मीच चुकायचो.

पण मला सांगायचंय ते वासुदेवराव गहाण्यांबद्दल. ते आमच्या तलावाचे पाणकर होते. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी वाटणारा माणूस. सरकारी नाही, गावानं मानलेला. त्यांच्या आधी त्यांचे वडील पाणकर होते. उंच, वाळकं अंग, कमरेला पंचा आणि खांद्यावर लोखंडी आकडी लावलेली लांब काठी. पाळीच्या पोटातून पाणी बाहेर सोडायची दगडी मोरी असते, तिला आम्ही तुडूम म्हणतो. तिच्या तोंडाला लाकडाचा डाट, म्हणजे बूच. वासुदेवराव छातीभर पाण्यात उतरायचे, आकडीनं डाट ओढायचे, आणि मग खाली पाटात पाणी वाजायला लागायचं. ज्याची पाण्याची पाळी असेल त्यानंच बांध फोडून पाणी घ्यायचं, बाकीच्यांनी पाहायचं.

आमच्या गावची रीत अशी की पाऊस कमी पडला तर शेवटच्या बांदीला पाणी आधी. तुडुमाजवळच्यांना ते नंतरही मिळतं, शेवटच्याला नाही, इतका साधा हिशोब. आणि पाणकराची स्वतःची बांदी सगळ्यांच्या शेवटी. वासुदेवरावांची बांदी तुडुमाला अगदी लागून होती. सारं पाणी त्यांच्या शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून वाहत जायचं आणि त्यांचं धान तहानलेलं उभं असायचं. त्यांची बायको कुंताबाई माझ्या ठेल्यापाशी उभी राहून नवऱ्याला नावं ठेवायची, म्हणायची, साऱ्या गावाची तहान भागवते हा मानूस, घरच्या धानाचं तोंड पाह्यत नाई. पण त्या रागात तोराही असायचा. पाणकराची बायको म्हणून बायका तिला पाळीवर पुढची जागा देत होत्या.

सगळ्यात शेवटची बांदी रुखमाची. तिचा नवरा वीज पडून गेला तेव्हा ती अगदी तरणी होती. तेव्हापासून तिनं दोन गोष्टी डोळे मिटून वासुदेवरावांवर सोडल्या होत्या. एक पाणी, दुसरं मत. आमच्याकडं जिल्हा परिषदेचं मतदान ऐन रोवणीत, धानाच्या लावणीत येतं. बाया गुडघाभर चिखलातून उठून शाळेत येतात, पायाला पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची पाती चिकटलेली असते. रुखमा तशीच यायची, शाळेपुढच्या लिंबाखाली थांबायची आणि वासुदेवरावांना विचारायची, भाऊजी, कोनतं चिन्ह? ते सांगायचे. ती आत जायची, मत द्यायची आणि परत चिखलात जायची. मला हसू यायचं. एकदा मी तिला म्हटलंही, स्वतःचं डोकं चालव ना बाई. तर म्हणाली, पाण्यात चुकले नाई, मतात कायले चुकतील?

वासुदेवरावांचा मतावर फार जीव. मतदानाच्या दिवशी आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसून ते सगळ्यांच्या आधी रांगेत. मत म्हणजे त्यांना पाण्याच्या पाळीसारखंच वाटायचं. आपली वेळ आली की जायचं, आपल्या वाट्याचं घ्यायचं, दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही. अशा माणसाला लोकशाहीत किती दिवस सुखानं राहता येईल याचा अंदाज मला आधीच यायला हवा होता.

मग आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला. जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा आम्हाला सांगितलं, जिल्हा लहान झाला म्हणजे सरकार जवळ आलं, आता तुमची कामं चुटकीसरशी होतील. त्याच सुमाराला आमच्या तुडुमाचे दगड सरकले. डाट घातला तरी पाणी झिरपायचं, आणि दिवाळीला मंडईची जत्रा भरेपर्यंत तलाव अर्धा होऊन बसायचा. वासुदेवराव दरवर्षी चिकणमाती आणि तणस, म्हणजे धानाचा पेंढा, कालवून ती भोकं बुजवायचे. पहिल्या निवडणुकीत पांढरी गाडी आली. तुडूम नवं बांधून देतो म्हणाले. निवडून आले, पाळीवर नारळ फोडला, कोनशिला लावली, पेढे वाटले आणि गेले. पुढच्या निवडणुकीत काळी गाडी आली. पांढऱ्यांनी तुम्हाला फसवलं म्हणाले, ते खरंच होतं. त्यांनीही निवडून आल्यावर नारळ फोडला, त्याच जागी, आणि दुसरी कोनशिला पहिलीच्या शेजारी लावली. तुडूम गळतच होतं. बाया एका कोनशिलेवर धुणं आपटायच्या आणि दुसरीवर वाळत घालायच्या. दोन्ही पक्षांचा गावाला झालेला उपयोग एवढाच, आणि तो खरोखर झाला, हे मी मान्य करतो.

तिसऱ्या निवडणुकीच्या आधी गाव पेटलं. मातामायपुढं बैठक बसली. तुडुमाजवळची मोठी बांदी असलेला भैय्यालाल रुखमोडे ताडकन उठला आणि म्हणाला, मतदानावर बहिष्कार टाका, एकानंही शाळेची पायरी चढायची नाही. बरेच जण माना डोलावत होते. माझीही मान हलत होती. तेव्हा वासुदेवराव उठले. ते बैठकीत सहसा बोलत नसत.

“पाळी सोडून देल्ली त पानी थांबते का?” ते म्हणाले. “थे दुसऱ्याच्या बांदीत जाते. मत बी तसंच हाये. सोडाचं नाई. आपला मानूस उभा करा.”

आपला माणूस म्हणजे कोण, तर चंद्रकुमार लंजे. गावातच वाढलेला, शिकलेला, सानगडीला त्याचं खताबियाण्याचं दुकान होतं. बोलायला गोड, कुणाचं कुणी आजारी असलं की स्वतःची मोटारसायकल काढून साकोलीच्या दवाखान्यात नेणारा. मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू. अपक्ष उभा राहायला तो तयार झाला. पांढऱ्यांचा नाही, काळ्यांचा नाही, गावाचा, असं तो म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पण आमच्याकडं टाळ्यांनी शब्द पक्का होत नाही. शब्द द्यायचा असेल त्यानं तलावात उतरायचं, ओंजळीत पाणी उचलायचं आणि मातामायच्या पायावर सोडायचं. त्याला पाणी उचलणं म्हणतात. पाणी उचलून शब्द फिरवलेला माणूस आमच्या गावानं पाहिला नव्हता, म्हणून त्यापुढं कुणी काही मागतही नव्हतं, ना कागद ना साक्षीदार. मात्र तलावाखाली ज्याची जमीन आहे त्यालाच पाणी उचलता येतं. ज्याची नाही, त्याच्यासाठी जमीनवाल्यानं उचलायचं. चंद्रकुमारानं दुकान टाकताना आपल्या बांद्या विकल्या होत्या. तो चपला काढून उभा होता, पण त्याला उतरता येत नव्हतं. त्याच्यासाठी कोण उतरतो, असं भैय्यालालनं विचारलं आणि सगळे आपापल्या पायांकडं पाहायला लागले.

वासुदेवराव खाली उतरले. पाणी उचललं. ओंजळ गळू न देता पाळ चढून आले, मातामायच्या पायावर पाणी सोडलं आणि ओल्या हातांनी वळले.

“चंद्रकुमार गावाचा राह्यल,” ते म्हणाले. “नाई राह्यला, त माह्या शब्दावर कोनी पानी घेऊ नोका.”

कुंताबाईनं पदर तोंडाशी नेला. पाणकरानं पाणकी गहाण ठेवली होती, हे तिला आम्हा सगळ्यांच्या आधी कळलं.

त्यानंतर मी त्यांना असं फिरताना पाहिलं की विचारू नका. सर्कलमधल्या गावोगावी ते पायी गेले, प्रत्येक तलावाच्या पाणकराला भेटले, सानगडीच्या बाजारात भाजीवाल्यांच्या रांगेत उभे राहून बोलले. भाषण त्यांना येत नव्हतं. मी पाणी उचललंय, एवढंच सांगायचे. तेवढं पुरायचं. पांढऱ्यांनी आणि काळ्यांनी जे वाटायचं ते वाटलं, पण रुखमा लिंबाखाली उभी राहून विचारून आत गेली, आणि तिच्यासारख्या कितीतरी गेल्या. चंद्रकुमार निवडून आला. गुलालानं माझी पानं लाल झाली आणि मी एक शब्द बोललो नाही. वासुदेवरावांनी गुलाल लावून घेतला नाही, ते तुडुमापाशी जाऊन बसले होते. मी पाहिलं तेव्हा ते एकटेच हसत होते.

निकालानंतर जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाची निवड असते. पांढऱ्यांचं बहुमत नव्हतं, काळ्यांचंही नव्हतं, आणि अशा वेळी अपक्षाची जी किंमत होते ती लग्नातल्या नवरदेवाचीही होत नाही. चंद्रकुमार सहलीला गेला. कुठं गेला, कुणाबरोबर गेला, घरच्यांनाही सांगता येईना. परत आला तो काळ्या गाडीतून, गळ्यात पक्षाचा दुपट्टा घालून. पेपरात फोटो आला. मी तो पेपर पुड्या बांधायला ठेवला होता, पण वासुदेवरावांनी मागून घेतला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला.

चंद्रकुमार गावात आला त्या दिवशी ते माझ्या ठेल्यापाशी थांबले होते. गाडी अडवली नाही, तीच थांबली. तो उतरला, वाकून पाया पडला. मग समजावून सांगायला लागला, एकट्या माणसाला तिथं बसायला खुर्चीही कुणी देत नाही, सत्तेबरोबर गेलो तर पद मिळतंय, पद मिळालं की पहिलं काम तुडुमाचं. त्याला ते स्वतःला पटलेलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मला त्याचाच जास्त संताप आला. नुसता लुच्चा असता तर परवडला असता.

“पानी उचललं होतं, बाबू,” वासुदेवराव म्हणाले.

चंद्रकुमार हळूच म्हणाला, “पानी मी नाई उचललो, काका. तुमी उचलले.”

गाडी निघून गेली. त्याच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. रीतीप्रमाणे शब्द ज्यानं पाणी उचललं त्याचा. त्याला बांधायला आम्ही दुसऱ्याच्या ओंजळीत पाणी दिलं होतं. एवढं शहाणं आमचं गाव!

तुडुमाचं काम पुढच्या वर्षी घेऊ, असं चंद्रकुमार दर वर्षी सांगायचा. पाऊस बरा होता तोवर हे चाललं. गावात वासुदेवरावांना कुणी काही बोललं नाही. फक्त पाळीवर लोक त्यांच्यापासून जरा लांब बसायला लागले, आणि कुंताबाईला पुढची जागा देणं बायकांनी केव्हा सोडलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिच्या आलं. पाण्याची तंगी नव्हती म्हणून शब्दाची गरज पडत नव्हती, इतकंच.

मग ते वर्ष आलं. रोवणी झाली, पोळा झाला, आणि पावसानं पाठ फिरवली. आश्विनात धान निसवायला लागतं, लोंबी पोटात असते, तेव्हा एक पाणी मिळालं तर धान, नाही मिळालं तर तणस. तलावात खाली थोडंसं पाणी उरलं होतं. मातामायपुढं बैठक बसली. रीतीप्रमाणे पाणकरानं उभं राहून पाळी सांगायची. वासुदेवराव उभे राहिले, काठी जमिनीला टेकवली आणि म्हणाले, रुखमाच्या बांदीपासून.

भैय्यालाल जागेवरून उठला नाही. आवाजही चढवला नाही. आदरानंच बोलला.

“काका, शब्द फिरला त माह्या शब्दावर पानी घेऊ नोका, हे तुमीच म्हनले होते ना जी? मंग आमी काहून घ्यावं?”

मी वाट पाहत होतो की कुणीतरी बोलेल. आमची बांदी मधली, म्हणजे शेवटून पाणी सोडलं तरी मिळणार आणि वरून सोडलं तरी मिळणार. मधल्यांना बोलायला कधी घाई नसते. वरच्यांना भैय्यालालचं बोलणं सोयीचं होतं. खालच्या दोनतीन बांद्या बायांच्या होत्या. रुखमा वासुदेवरावांकडं पाहत होती. ते काहीतरी सांगतील आणि सगळं ठीक होईल, असं तिला वाटत होतं. तिला नेहमीच तसं वाटायचं.

“बरोबर हाये,” वासुदेवराव म्हणाले. “मीच म्हनलो होतो.”

त्यांनी आकडीची काठी मातामायच्या पायाशी आडवी ठेवली आणि पाळ उतरून घरी गेले. मी तेव्हा मनात त्यांना शिव्या दिल्या. एवढा कसला खरेपणा, म्हटलं, समोरची बाई मरायला टेकलीय आणि हा माणूस आपल्याच शब्दाचा गुलाम. आजही मला त्यांचा राग येतो, आणि आजही त्यांच्याइतका सरळ माणूस मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात भैय्यालाल आणि वरच्या बांदीवाल्यांनी तुडूम उघडलं. ती काठी कुणी घेतली नाही, घरून फावडी आणली. ज्याचा हात चालला त्यानं बांध फोडला. आमची बांदी पाहणाऱ्या माझ्या भावानंही फोडला, धान वाचलं, आणि त्या धानाचा भात मी खाल्ला. खालपर्यंत पाणी गेलंच नाही. तलावाच्या तळाचा चिखल दिसायला लागला, त्यात पोरं मासे धरत होती.

सगळं पाणी वासुदेवरावांच्या धुऱ्यावरून गेलं. कुंताबाईनं नवऱ्याला विनवलं, एक फावडं मारा, तुमचं धान उघड्या डोळ्यांनी मरतंय. ते म्हणाले, आपली पाळी शेवटी. पाळी आता आहेच कुठं, असं तिनं विचारलं. ती स्वतः फावडं घेऊन गेली. धुऱ्यावर उभी राहिली, वाहतं पाणी पाहिलं आणि तशीच परत आली. मला नंतर म्हणाली, हात उठला नाई रे बाबू, यायच्यासंगं राहून राहून माहा बी हात मेला.

त्या वर्षी तलावाखाली दोन टोकांच्या बांद्या पांढऱ्या पडल्या. एक तुडुमाला लागून पाणकराची, आणि एक सगळ्यात शेवटची, रुखमाची. रुखमानं उभं धान कापून गुरांना टाकलं आणि पुढच्या रोवणीला भैय्यालालच्या बांदीत मजुरीला गेली. वासुदेवरावांच्या घरी ती नंतर कधी आली नाही. भांडली नाही, बोल लावला नाही. वाटेत भेटली तर पदर सावरून बाजूनं जायची. भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. काठी पाळीवर तशीच पडून राहिली. आकडी गंजली, बांबूला वाळवी लागली, पण मातामायच्या पायाशी ठेवलेली वस्तू म्हणून कुणी हलवली नाही.

पुढची निवडणूक रोवणीतच आली. पांढरी गाडी आली, काळी गाडी आली. चंद्रकुमार या वेळी काळ्या गाडीचा उमेदवार होता, आणि त्याच्या पत्रकावर तुडुमाचं काम पहिल्या नंबरला छापलं होतं. बहिष्काराचं नाव कुणी काढलं नाही. अपक्ष कुणी उभा राहिला नाही, आणि राहिला असता तर त्याच्यासाठी पाण्यात उतरणारं कोणी नव्हतं. बैठकच बसली नाही. जो तो आपल्या गाडीवाल्याला आपल्या दारात भेटला.

मतदानाच्या दिवशी शाळेजवळची दुकानं बंद ठेवावी लागतात. म्हणून मी लिंबाखाली रिकामा बसलो होतो. वासुदेवराव आले. धुतलेलं धोतर, हातात मतदाराची चिठ्ठी. या वेळी ते येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो, पण माणसाची सवय मोडायला एक फसवणूक पुरत नाही. ते रांगेत लागले. पण पहिले नव्हते.

तेवढ्यात पांढरी गाडी आली आणि तिच्यातून भैय्यालालच्या बांदीतल्या बाया उतरल्या, पाय पोटरीपर्यंत चिखलानं भरलेले. गाडीच्या पांढऱ्या सीटवर चिखल लागला तरी गाडीवाला हसत होता. त्या दिवशी त्यांना सगळ्याचं हसू येतं. रुखमा उतरली, बायांच्या रांगेत लागली, लिंबाखाली थांबली नाही. वासुदेवराव तिच्याकडं पाहत होते. ती आत गेली, बोटाला शाई लावून बाहेर आली आणि त्यांच्या समोरून जायला लागली.

“रुखमा,” ते म्हणाले, “औंदा विचारलं नाई?”

ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मी नीट पाहिलं.

“पांढरेवाले म्हनले, चिखलातून उचलून नेतो,” ती म्हणाली. “अन् नेलं जी, भाऊजी. मले तेवढंच खरं दिसलं.”

एवढं बोलून ती फाटकाकडं गेली. गाडी तिथं नव्हती. दुसऱ्या टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, बायांना आणायला निघून गेली होती. परत सोडून देऊ असं त्यांनी म्हटलं होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. रुखमानं थोडा वेळ रस्त्याकडं पाहिलं आणि पायीच पाळीच्या वाटेला लागली.

रांग पुढं सरकली होती. वासुदेवरावांच्या पुढं आता एकच माणूस होता. मागचा म्हणाला, काका, चला ना, तुमची पाळी आली. ते बाजूला झाले, मागच्याला पुढं जाऊ दिलं, मग त्याच्या मागच्याला, आणि तसं करत करत रांगेच्या शेवटी येऊन उभे राहिले. तिथंही थांबले नाहीत, फाटकाकडं निघाले. मी हाक मारली. त्यांनी ऐकली, पण वळले नाहीत.

मतदान संपल्यावर मी ठेला उघडायला निघालो. लिंबाखाली त्यांची चिठ्ठी पडली होती. मी ती उचलली, आणि कुणाला द्यावी ते न समजून खिशात ठेवली.